वटारलेल्या नजरेमागे

थायरॉईडची ग्रंथी गळ्यात असते, म्हणून तिच्या आजारात डोळ्यांची काळजी घ्यावी लागेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. माझ्या बाबतीत मात्र पहिली खूण डोळ्यांनीच दिली. धाराशिवच्या शाळेत शिकवत असताना मुले विचारू लागली, "बाई, तुम्ही रागावलात का?" वरच्या पापण्या मागे ओढल्या गेल्याने मी साधे पाहिले तरी डोळे वटारल्यासारखे वाटत. धडधड, हातांचा कंप, घटणारे वजन हेही होतेच. रक्ततपासणीनंतर निदान झाले, ग्रेव्ह्ज आजार. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये वर्णिलेला हा विकार.

वाचकहो, या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणाच थायरॉईडला चिथावते आणि तीच डोळ्यांमागील स्नायू व चरबी यांना सूज आणते. डोळ्याची खोबण हाडाची. ती ताणत नाही. मग डोळा पुढे सरकतो, पापण्या पुरत्या मिटत नाहीत आणि बुबुळ कोरडे पडते. म्हणूनच रक्तातील आकडे सुधारले तरी डोळे सुधारतीलच असे नाही. त्यांचा प्रवास निराळा असतो, तो बहुधा महिन्यांचा नव्हे, वर्षा-दोन वर्षांचा असतो.

उपचाराची निवडही डोळ्यांशी निगडित आहे. गोळ्या, शस्त्रक्रिया आणि किरणोत्सारी आयोडीन असे तीन मार्ग आहेत. तिसरा मार्ग आपल्याकडे नवा नाही. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सार वैद्यक केंद्र १९६३ पासून कार्यरत आहे. हा उपचार गुणकारी आहे, पण डोळ्यांच्या दृष्टीने त्याला एक अट आहे. डोळ्यांचा त्रास नसलेल्या किंवा सौम्य असलेल्या रुग्णांवरील एक इटालियन अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के रुग्णांत डोळ्यांचा विकार उद्भवला किंवा वाढला. गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. आयोडीनसोबत स्टेरॉईड दिलेल्या गटात मात्र कोणाचाही विकार वाढला नाही. तेव्हा उपचार ठरण्यापूर्वी "माझे डोळे तपासून घ्यावेत का?" हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारा. माझ्या डोळ्यांतील दाह तपासणीत आढळला, म्हणून डॉक्टरांनी गोळ्यांचा मार्ग निवडला.

आयोडीननंतर थायरॉईडचे काम मंदावते. ते मंदावणे वेळीच हेरून औषध सुरू न झाल्यासही डोळ्यांचे नुकसान होते. ठरलेल्या दिवशी रक्त तपासावे, गोळी स्वतःहून कमी-जास्त करू नये.

उरलेली काळजी घरचीच आहे. बालाघाटावरचे ऊन, वारा व धूळ यांत बाहेर पडताना कडेने झाकणारा गडद चष्मा घालावा. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री वंगण मलम, आणि उशाकडची बाजू थोडी उंच, एवढ्यानेही सकाळची सूज उणावते. विडी-सिगारेट तर या डोळ्यांची वैरीणच. स्वतः ओढत नसाल तरी घरातला धूर टाळा; माझ्या घरात विडी ओढणारे आता अंगणाबाहेर जातात. सेलेनियमच्या गोळ्या सौम्य विकारात सहा महिने उपयोगी ठरल्याचे युरोपातील एका अभ्यासात दिसले, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

मात्र एक वस्तू दोन दिसू लागली, रंग फिके भासू लागले, विशेषतः लाल रंग मंद वाटला, दृष्टी धूसर झाली किंवा डोळा फार दुखू लागला, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. डोळ्यामागील मज्जातंतूवर दाब येत असेल, तर दिवसांचाच अवधी हाती असतो. ताबडतोब नेत्रतज्ज्ञांना गाठा. थायरॉईडचे आकडे पुन्हा आटोक्यात आणता येतात. दीर्घ दाबाखाली गेलेली दृष्टी परत येईलच असे नाही.