वाट लांब असू दे, पण जिल्ह्यातून जाऊ दे

मुलांच्या मेंदूविकासातल्या अडचणी जाणणारा डॉक्टर घडायला आपल्याकडे साडेअकरा वर्षं लागतात: इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच, बालरोगातल्या एमडीची तीन आणि मुलांच्या न्यूरॉलॉजीतल्या डीएमची तीन. डीएमऐवजी फेलोशिप घेतली तर वेळ थोडा वाचतो. नंदाखाल या माझ्या गावाहून निघून या शिक्षणातून गेल्यावर माझं मत बनलं आहे की तक्रार वर्षांची नाही, ती वर्षं कुठे जातात याची आहे. परळच्या ओपीडीत येणारं मूल कुणाला तरी शंका आली म्हणून आलेलं असतं. शंकाच न आलेलं मूल अंगणवाडीत राहतं. उत्तर गोव्यासह देशात पाच ठिकाणी झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये अशा अडचणींचं प्रमाण ठिकाणागणिक 6.5 ते 18.5 टक्के आढळलं. एवढी मुलं शहरातले मोजके तज्ज्ञ कशी पाहणार?

अशी मुलंही शोधण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करतात, पण निदान पुढे कुणीतरी करावं लागतं. ‘थेरपिस्ट आहेत की, डॉक्टर कशाला?’ असं विचारलं जातं. उशिरा बोलण्यामागे बहिरेपण, स्वमग्नता किंवा फिट्सचा आजारही असू शकतो, आणि ते वेगळं केल्याशिवाय थेरपीची दिशा ठरत नाही. त्यात आमच्या भागात घरी कादोडी बोली, शाळेत इंग्रजी आणि दवाखान्यात मराठी बोलणारी मुलं आहेत. एकाच भाषेतले शब्द मोजले तर चांगलं मूल मागे ठरतं. उलट ‘भाषा जास्त झाल्या म्हणून उशीर’ असं म्हणून सोडून दिलं तर खरी अडचण निसटते. हा तोल पुस्तकातून येत नाही, अशी मुलं तपासूनच येतो. म्हणून शिक्षणातला काही काळ जिल्ह्यात जायला हवा.

‘ईईजी आणि एमआरआय शिकायचा वेळ गावात घालवायचा का?’ हा आक्षेप मोठा वाटतो, पण नवा वेळ मागायचीच गरज नाही. 2021 च्या तुकडीपासून एमडीच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावेच लागतात. बालरोगाच्या विद्यार्थ्यांनी त्यातले काही आठवडे तिथल्या, पथकांनी पाठवलेली मुलं तपासणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात द्यावेत. शिकवायला तिथे तज्ज्ञ नसतो हे खरं, म्हणून शहरातल्या प्राध्यापकांनी दर आठवड्याला व्हिडिओवरून रुग्णांची चर्चा घ्यावी. पहिल्या आठवड्यात तपासलेलं मूल शेवटच्या आठवड्यात पुन्हा तपासून त्याची नोंद ठेवावी, आणि एमडीच्या प्रात्यक्षिकात परीक्षकांनी त्या नोंदीवर प्रश्न विचारावेत. आपल्याकडे परीक्षेत जे विचारतात तेच मन लावून शिकलं जातं.