डी ड्राइव्ह ते ऑल्ट-स्पेस

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ज्यांनी डीटीपीच्या युनिटात दिवस काढलेत, त्यांना ‘डी ड्राइव्हला टाक’ हे वाक्य अजून ऐकू येत असेल. सी ड्राइव्ह विंडोजचा, डी आपला. त्यात ‘जॉब’, जॉबात साल, सालात गिऱ्हाईक, गिऱ्हाइकात ‘फायनल’ आणि फायनलच्या पोटात ‘फायनल न्यू’. आमच्याकडच्या ऑपरेटर बाईंना हे अख्खं झाड तोंडपाठ होतं. ‘मे महिन्यातली ती निळ्या बॉर्डरची पत्रिका’ असा फोन आला की मान वर न करता त्या रस्ता सांगायच्या: डी, जॉब, अठ्ठ्याण्णव, लग्न. बाई रजेवर गेल्या की निम्मं युनिट अडायचं.

मग बाकीच्यांचा आसरा म्हणजे स्टार्ट, फाइंड, ‘फाइल्स ऑर फोल्डर्स’. किंवा थेट एफ-थ्री. छोट्या खिडकीत एक भिंग गोल गोल फिरत राहायचं आणि हार्ड डिस्क करकरायची. फाइंड शब्दशः एकेक फोल्डर उघडून बघत असे, म्हणून वेळ लागे. तेवढ्यात चहा सांगून व्हायचा, कधी पिऊनही व्हायचा. नाव आठवत नसेल तर तारखेच्या टॅबवर जाऊन ‘मागच्या महिन्यातलं सगळं दाखव’ म्हणायचं आणि यादी उपसत बसायचं.

नावं तरी धड कुठे होती! डॉसच्या काळात फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि ठिपक्यापुढे तीन, एवढीच मुभा. 1995च्या विंडोजनं ती अडीचशेच्या पुढे नेली, पण हाताची सवय सुटेना. दिवाळी अंकाची फाइल ‘डीआयडब्ल्यूए98’ अशीच निघायची. आतला मजकूर शोधायचा तर प्रश्नच मिटला होता. श्रीलिपी, आकृतीसारख्या त्या वेळच्या फॉन्टांत पडद्यावर ‘दिवाळी’ दिसायचं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असायची. मराठी शब्द शोधा म्हटलं तर मशिनला तो माहीतच नसायचा. त्यामुळे फाइल ‘कुठे’ आहे हे लक्षात ठेवण्याला पर्याय नव्हता.

आणि प्रोग्राम उघडणं हे वेगळंच काम. स्टार्ट, प्रोग्राम्स, अडोबी, पेजमेकर अशी माउसची वाट. कुठल्याशा मेन्यूच्या कडेवरून बाण घसरला की पुन्हा पहिल्यापासून. फाइल शोधायची खिडकी एक आणि प्रोग्राम उघडायचा रस्ता दुसरा, हे आपण इतकं गृहीत धरलं होतं की ते दोन का असावेत, असा प्रश्नही कुणाला पडला नाही.

एक्सपी आलं आणि शोधायच्या खिडकीत रोव्हर नावाचा कुत्रा येऊन बसला. दिसायला गोड, पण कामाची रीत बरीचशी जुनीच. खरा फरक पडला तो 2004च्या ऑक्टोबरात, गूगल डेस्कटॉप आलं तेव्हा. मशिन रिकामं असताना ते फाइली वाचून आपली सूची करून ठेवायचं, त्यामुळे विचारल्यावर उत्तर तयार. पुढच्या आवृत्त्यांत कंट्रोलची कळ दोनदा दाबली की पडद्यावर छोटी चौकट यायची. त्यात फाइलही सापडे आणि प्रोग्रामही उघडे. 2006मध्ये एका संगणकावरच्या फाइली दुसऱ्यावरून शोधायची सोय आली. त्यासाठी फाइलींची प्रत गूगलच्या सर्व्हरवर जाणार म्हटल्यावर बरीच ओरड झाली. 2011मध्ये गूगलनं हे दुकान बंद केलं. 2005च्या एप्रिलमध्ये मॅकवाल्यांना स्पॉटलाइट मिळालं होतं, आणि क्विकसिल्व्हर नावाच्या लाँचरच्या जोरावर ते आधीपासूनच ऐटीत होते. विंडोजवर आम्ही वाट बघत होतो.

आमच्या वाट्याला आलं ते लाँची. ऑल्ट आणि स्पेस एकदम दाबायचं, चौकट येते, दोन-तीन अक्षरं टाइप केली की प्रोग्राम हजर. एरवी ऑल्ट-स्पेसनं खिडकीचा तो कोपऱ्यातला ‘मूव्ह, साइझ, क्लोज’चा मेन्यू उघडतो, तो तसाही कोण वापरत होतं? एकदा बोटांना सवय लागली की डेस्कटॉपवरचे आयकॉन आपोआप ओस पडले. पण लाँचीला ठाऊक असायचं ते मुख्यतः स्टार्ट मेन्यूतलं. फाइली हव्या असतील तर सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागे: हा फोल्डर घे, त्यातल्या .पीएमडी आणि .डॉक घे, इतक्या पायऱ्या खोल जा. मोठा डी ड्राइव्ह जोडला की दर काही मिनिटांनी ते सगळं पुन्हा चाळायला बसायचं आणि मशिन दमायचं.

दुसऱ्या बाजूला ‘एव्हरीथिंग’ नावाचं चिमुकलं सॉफ्टवेअर हाती आलं. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर विंडोज स्वतःच प्रत्येक फाइलची नोंद एका मुख्य तक्त्यात ठेवत असतं. एव्हरीथिंग घरोघर हिंडत नाही. तलाठ्याचं दप्तरच उघडून वाचतं. नंतर झालेले बदल डिस्कच्या बदल-नोंदवहीतून टिपतं, त्यामुळे पुन्हा चाळायची गरज पडत नाही. लाखो नावांची यादी तुम्ही टाइप करता करता गाळली जाते. शब्द कुठल्याही क्रमानं टाका, मधलाच तुकडा टाका, चालतं. पण त्याची स्वतःची खिडकी होती. ती उघडायची, फाइल शोधायची, बंद करायची. म्हणजे पुन्हा दोन रस्ते.

ते रस्ते एक झाले ते या दोघांची गाठ बांधल्यावर. वॉक्स, अलीकडे फ्लो लाँचर, असे लाँचीचे नवे भाऊबंद: ऑल्ट-स्पेसच्या चौकटीत टाइप केलेलं अक्षर पार्श्वभूमीला चालू असलेल्या एव्हरीथिंगकडे जातं, तिथून उत्तर येतं, आणि ते प्रोग्रामांच्याच यादीत दिसतं. फ्लो लाँचरमध्ये एक्सप्लोरर नावाच्या प्लगइनच्या सेटिंगमध्ये शोधासाठी ‘एव्हरीथिंग’ निवडायचं, बास. अट एकच: एव्हरीथिंग चालू हवं. ते बंद असेल तर लाँचर बिचारा हात वर करतो. शिवाय एफएटी-32चा जुना पेनड्राइव्ह लावलात तर त्यावर तो तक्ताच नसतो. त्याचे फोल्डर वेगळे जोडून द्यावे लागतात. विंडोज 98च्या जमान्यात ही युक्ती चाललीच नसती, कारण तेव्हाच्या आमच्या सगळ्या डिस्का त्याच जातीच्या.

आज अंकाचं काम करताना बोटं कीबोर्डवरून उठत नाहीत. ऑल्ट-स्पेस, ‘मुख 2023’, एंटर: मुखपृष्ठ समोर. तिथूनच फाइल ज्या फोल्डरात आहे तो उघडता येतो, पत्ता कॉपी करून मेलमध्ये डकवता येतो. युनिकोडमुळे नावं मराठीत देता येतात. मात्र इथे मराठीचा म्हणून एक खडा लागतोच. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याआधी आणि कित्येक कीबोर्डांवर त्यानंतरही ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवलं जायचं. डोळ्याला दोन्ही ‘ॲड’ सारखेच; शोधाच्या लेखी ते दोन निराळे शब्द. जाहिरातींच्या फाइली म्हणून दोन्ही प्रकारांनी शोधाव्या लागतात, नाहीतर सरळ ‘जाहिरात’ असं नाव द्यावं लागतं.

एका बाबतीत मात्र जुन्या रीतीला तोड नव्हती. फोल्डर धुंडाळताना न शोधलेलंही हाती लागायचं. एखादा नाकारलेला लेख, विसरलेलं चित्र, बाजूला ठेवलेला ले-आउट. आता जे मागू तेवढंच मिळतं. आणि बाईंना पत्रिकेचा रंग आठवायचा, घाईत कुणी ती नेली तेही आठवायचं. एव्हरीथिंगला डीफॉल्टनं ठाऊक असतं फक्त नाव, जागा, आकार आणि तारीख. जे नावात लिहिलं नाही ते त्याच्यापुरतं घडलंच नाही.

म्हणजे कष्ट गेले नाहीत, पुढून मागे सरकले. पूर्वी फाइल शोधताना डोकं खाजवायचो, आता ती सेव्ह करताना खाजवावं लागतं. ऑफिसात नवा मुलगा आला की त्याला फोल्डरांचा नकाशा दाखवायची पद्धत मोडली. तो पहिल्या दिवशी शिकतो ते एवढंच: आधी साल आणि महिना आकड्यांत, मग कामाचा प्रकार, मग गिऱ्हाईक, आणि शेवटी अशी एक खूण, जी फोनवरचं गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडानं सांगेल.