आमच्या रानांतील घोरपड

सरपटणाऱ्या प्राण्यांचा पाठ सुरू झाला म्हणजे वर्गांत एक प्रश्न दरवर्षीं हटकून येतो : "गुरुजी, माणसाला खाणारी पाल खरोखरीच असते काय?" विचारणारा बहुधा मागच्या बांकावरचा असतो, आणि त्याच्या मुद्रेवर भीतीपेक्षां आशाच अधिक दिसते. त्याची निराशा करणें आमच्या जिवावर येतें. म्हणून आम्ही त्याला प्रथम समुद्रापलीकडे नेतों.

इंडोनेशिया देशांतील कोमोडो, रिंका, फ्लोरेस आदि थोड्या बेटांवर एक प्राणी राहतो. तेथील लोक त्याला 'ओरा' म्हणतात. जगानें त्याला कोमोडो ड्रॅगन हें नांव दिलें आहे. औवेन्स नांवाच्या डच संशोधकानें १९१२ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. हा प्राणी दहा फूट लांब होतो, आणि हरिण, रानडुक्कर, प्रसंगीं म्हैससुद्धां मारून खातो. त्याच्या लाळेंतील घाणीमुळें सावज सडून मरतें, असें पुस्तकांतून पुष्कळ वर्षें छापलें जात असे. पण त्याच्या खालच्या जबड्यांत विषाच्या ग्रंथी असल्याचें २००९ सालीं ब्रायन फ्राय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. त्या विषानें रक्त गोठत नाहीं व रक्ताचा दाब उतरतो. माणसें मरण्याचे प्रसंग विरळा आहेत, परंतु आहेत. २००७ सालीं कोमोडो बेटावर आठ वर्षांचा एक मुलगा मारला गेला. २००९ सालीं एक मनुष्य सीताफळें काढावयास गेला असतां झाडावरून पडला, आणि खालीं असलेल्या दोन ओरांनीं त्याला पुन्हां उठूं दिलें नाहीं. सीताफळाचें नांव ऐकतांच वर्ग एकदम गंभीर होतो. कारण सीताफळाच्या झाडावर कधीं चढला नाहीं असा मुलगा आमच्याकडे मिळावयाचा नाहीं.

एवढें असूनही त्या बेटावरील लोक ओरास वैरी मानीत नाहींत. त्यांच्यांत एक जुनी कथा आहे कीं, एका राजकन्येला जुळें झालें. त्यांतील एक मनुष्याचें मूल होतें व दुसरें ओराचें पिलूं. तेव्हां ओरा म्हणजे त्यांचें भावंड. ही कथा वाचल्यापासून आमच्या मनांत घर करून राहिली आहे, कारण त्याच कुळांतला एक प्राणी आमच्या हिंगोली जिल्ह्यांत राहतो, आणि त्याच्याशीं आमचें वागणें अगदीं उलट आहे.

तो प्राणी म्हणजे घोरपड. भारतांत घोरपडीच्या चार जाती आहेत. आमच्याकडे जी दिसते तिला पुस्तकांत बंगालचें नांव चिकटलें आहे; तथापि ती बहुतेक साऱ्या देशभर आढळते. शेपटीच्या टोंकापर्यंत मोजली तर ती फार झाली तर पावणेसहा फूट भरते. बहुतेक तर त्याहून पुष्कळच लहान असतात. कयाधूच्या कांठच्या दरडी, औंढ्याकडील माळ, काळ्या रानांतील जुने बांध, वारुळें, पोकळ झाडें हीं तिचीं घरें. सकाळीं उन्हांत अंग शेकावें, मग जीभ आंतबाहेर करीत भक्ष्य हुडकीत निघावें, असा तिचा दिवस. ती दुभंगलेली जीभ पाहून लोकांना साप आठवतो; वास्तविक जिभेनें ती हवेंतील वास टिपते, दुसरें कांहीं नाहीं. भुंगेरे, अळ्या, गोगलगाई, खेंकडे, उंदीर, पक्ष्यांचीं अंडीं, क्वचित् सापही, असें तिचें खाणें आहे. माणसाच्या वाटेस ती आपण होऊन कधींच जात नाहीं. कोंडींत सांपडली तर मात्र अंग फुगविते, फुत्कारते, शेपटीचा फटकारा मारते आणि चावते; तिच्या चाव्याची जखम खोल होते, ती वेळेवर धुवून डॉक्टरास दाखविली पाहिजे.

तिचीं पिलें पिवळसर ठिपक्यांचीं, मोठीं देखणीं असतात. लोक त्यांस 'चंदन घोरपड' म्हणून निराळीच जात समजतात, आणि ती फुंकली तरी माणूस मरतो असें सांगतात. एवढ्याशा पिलाच्या फुंकरीनें जर माणसें मरूं लागलीं, तर आमच्या गांवांत एव्हांना कोणीच उरलें नसतें!

घोरपडीचें नांव निघालें आणि सिंहगड आठवला नाहीं असा मराठी मुलगा विरळाच. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीं तानाजी मालुसऱ्यांनीं यशवंती घोरपडीच्या कमरेस दोर बांधून कडा चढविला, ही कथा पोवाड्यानें घरोघर पोंचविली आहे. इतिहासाचे अभ्यासक ती खरी मानीत नाहींत, आणि आम्हांलाही हिशोब जुळत नाहीं. सात-आठ किलो वजनाच्या जिवानें ढाल-तलवारीसह मावळा कसा पेलावा? परंतु कथेला आधार मुळींच नाहीं असेंही नव्हे. कपारींत शिरलेली घोरपड अंग फुगवून नख्या रोंवते, तेव्हां तिला ओढून काढतांना चांगला बळकट गडीसुद्धां घामाघूम होतो. मुलांना आम्ही हें सांगतों तेव्हां तीं थोडीं रुसतात. तानाजींचें शौर्य मात्र घोरपडीविनाही रतिभर कमी होत नाहीं, हें त्यांना घरीं जाईपर्यंत पटलेलें असतें.

आतां आमच्या मावशीच्या आखाड्यावर घडलेली गोष्ट. कळमनुरी तालुक्यांत तिचें हळदीचें व सोयाबीनचें रान आहे, आणि आखाड्यावर पंधरा-वीस कोंबड्या. एका ज्येष्ठांत खुराड्यांतलीं अंडीं नाहींशीं होऊं लागलीं. आधीं सापाचा संशय आला, मग शेजारच्या आखाड्यावरील पोरांचा. त्यावरून दोन घरांत अबोला पडण्याची वेळ आली. शेवटीं एके सकाळीं कडब्याच्या गंजीखालीं चार फुटांची घोरपड दिसली, आणि शेजारची पोरें निर्दोष ठरलीं. त्या दिवशीं आम्ही सुटीनिमित्त तेथेंच होतों.

घटकाभरांत काठ्या घेऊन सात-आठ मंडळी जमली. कुत्रें पुढें धांवलें, त्याच्या नाकाडावर शेपटीचा असा फटका बसला कीं तें केकाटत गोठ्यांत जाऊन बसलें. जमलेल्यांत एक जाणता गृहस्थ होता. घोरपडीचें तेल काढून विकणें हा त्याचा जोडधंदा. तो मावशीला म्हणाला, "चुलतीचे पाय महिन्यांत मोकळे होतील. तेल मी फुकट देतो, बाकीचं माझं." चुलती म्हणजे मावशीच्या सासूबाई. त्यांचे गुडघे इतके धरले होते कीं दोन वर्षें त्यांना नर्सीस नामदेवांच्या दर्शनाला पायीं जातां आलें नव्हतें, आणि त्या दुःखापुढें घोरपडीची काय कथा, असें घरांतल्या सर्वांस वाटणें साहजिक होतें. मावशीचे डोळे भरून आले होते, हें आम्हीं स्वतः पाहिलें.

आम्हीं कायदा सांगितला. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे. घोरपड त्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतींत. तिला मारल्यास तीन ते सात वर्षें तुरुंगवास. मंडळी जराशी मागें सरली, पण काठ्या खालीं गेल्या नाहींत. कायदा तालुक्याला असतो आणि घोरपड गंजीखालीं होती. काका म्हणाले, "गुरुजी, तुमचं खरं, पण आईचं बी बघावं लागंल ना."

तेवढ्यांत ओसरीवर बसलेल्या आजींनींच तोंड उघडलें. "कोण म्हणतंय तेल आणा? म्या लावून पाहिलंय की रं, तुमच्या बापानं आणलेलं, दोन पावसाळे. पाय तवाबी दुखतच व्हते. वासानं मातर घरात बसवत नव्हतं."

त्यावर कोणी तरी हंसलें, आणि हंसण्यानें जें झालें तें आमच्या व्याख्यानानें झालें नव्हतें. काकांनीं काठी टाकली. कुत्रें बांधलें, पोरांना ओट्यावर चढविलें, गंजीची नाल्याकडील बाजू मोकळी केली आणि सर्वजण दूर उभे राहिलों. पाव तास ती हललीच नाहीं. मग एकाएकीं निघाली ती बांध ओलांडून, वाकडींतिकडीं पावलें टाकीत, नाल्याच्या झुडपांत दिसेनाशी झाली. तो तेलवाला तेवढा नाराज होऊन गेला. आजींचे पाय पुढें बरे झाले असें नाहीं. नर्सीस त्या मोटारीनें गेल्या.

त्या गृहस्थाच्या बोलण्यांतलें "बाकीचं माझं" हें काय, याचा उलगडा आम्हांस मागाहून झाला. मांस आहेच, कातडें आहे. पूर्वीं दिमडीवर घोरपडीचेंच कातडें मढवीत. पण खरा पैसा आहे तो 'हातजोडी'चा. दोन हात जोडल्यासारखी दिसणारी ही वस्तु एका दुर्मिळ वनस्पतीचें मूळ म्हणून विकली जाते. तिजोरींत ठेवली म्हणजे लक्ष्मी नांदते, असें विकणारे सांगतात. २०१७ सालीं संशोधकांनीं तिचे नमुने तपासले तेव्हां तें मूळ नसून नर घोरपडीचे वाळविलेले गुप्तावयव आहेत, असें उघड झालें. म्हणजे सोवळ्यानें, हळदकुंकू वाहून, लोक काय पुजीत होते! हा व्यापार संगणकावरूनही चालत होता. आमच्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ, दूरच्या ताऱ्यांच्या टकरींतून उठणाऱ्या गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगो प्रयोगशाळेस केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. आणि तेथून थोड्या अंतरावर एखादा माणूस नशीब उघडावें म्हणून घोरपडीचा अवयव शेंदरांत बुडवून ठेवीत असेल. दोन्ही गोष्टी एकाच आभाळाखालीं सुखानें नांदतात, याचें आम्हांला हंसूं येतें आणि लाजही वाटते.

मारणाऱ्यांपेक्षांही अधिक नुकसान नकळत होतें, असें आमचें मत आहे. यंत्रानें बांध सपाट होतात, वारूळ एका दिवसांत जमीनदोस्त होतें, पोकळ बाभूळ सरपणाला जाते. घोरपड पावसाळ्यांत मातींत अंडीं घालते, आणि तीं फुटावयास कित्येक महिने लागतात. तोंवर तो बांध जागेवर राहिला पाहिजे. उंदीर वाढले म्हणून दुकानांतून विषाच्या पुड्या आणणारा शेतकरी उंदीर खाणारीचें घर आपल्याच हातानें मोडतो, आणि त्याला तें कोणी सांगतही नाहीं.

मावशीचा नाल्याकडील बांध अजून शाबूत आहे. खुराड्याला काकांनीं बारीक तारेची जाळी ठोकली. तिला पैसे बरेच पडले, त्याचा उल्लेख आम्ही गेलों कीं हटकून होतो. दरवाजा लावावयाचा राहिला तर एखादें अंडें अजूनही जातें. तें मुंगसानें नेलें असलें तरी मावशी घोरपडीच्याच नांवानें खडे फोडते, आणि आजी ओसरीवरून विचारतात, "आली व्हती का गं ती?"