वाटाड्याचे कान

युगांडाला चाललोय म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "गोरिला बघायला?" नाही, पक्षी बघायला, असं सांगितलं की समोरचा जरा हिरमुसायचा. पक्षी काय, ते भिगवणलाही दिसतात! खरं आहे. पण युगांडा महाराष्ट्राहून लहान देश, साधारण 2 लाख 41 हजार चौरस किलोमीटरचा, आणि तेवढ्यात पक्ष्यांच्या हजाराहून अधिक जातींची नोंद आहे. कारण नकाशा उघडला की कळतं. पश्चिमेकडून काँगोच्या खोऱ्यातलं वर्षावन युगांडात शिरतं, पूर्वेकडून सॅव्हानाचा गवताळ मुलूख येऊन त्याला भिडतो. भर म्हणून व्हिक्टोरिया सरोवर, त्याच्या काठच्या दलदली आणि पश्चिम सीमेवर रुवेन्झोरीची बर्फाळ शिखरं. म्हणजे आज दाट रानात मान वर करून फिरायचं आणि उद्या मोकळ्या माळावर, हे दोन्ही एकाच गाडीतून जमतं.

आम्ही पुण्या-नाशिकची मोजकी मंडळी, जुलै महिना. घरून निघालो तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. एन्टेबीला उतरलो तर हवा कोरडी, गार आणि स्वच्छ. जून ते ऑगस्ट हे तिथले उघडिपीचे महिने. पीतज्वराची लस घेतल्याचं कार्ड विमानतळावर दाखवलं आणि बाहेर आलो, तर आमचा गाईड उभा. बारीक चणीचा, कमी बोलणारा, गळ्यात दुर्बीण. त्यानं सामान गाडीत टाकता टाकताच सांगून टाकलं, "उद्या पहाटे पाचला निघायचं. पक्षी नाश्त्याला थांबत नाहीत."

पहिली सकाळ मबांबाची. सरोवराच्या कडेची ही पपायरसची दलदल 2006 पासून रामसर स्थळ आहे. अरुंद लाकडी होड्या, एकेका होडीत तिघं-चौघं, मागे लांब काठी घेऊन उभा असलेला नावाडी. वाट इतकी चिंचोळी की दोन्ही कोपरांना पपायरस घासत होता. आफ्रिकी कमळपक्षी लांबच लांब बोटं टाकत पाण्यावरच्या पानांवरून चालत होते. मॅलाकाइट खंड्या तर इतक्या जवळ येऊन बसला, की दुर्बिणीचा फोकसच लागेना. पण सगळ्यांच्या डोक्यात एकच होतं, शूबिल.

तो दिसला तेव्हा आधी पक्षी वाटलाच नाही. सव्वा मीटर उंचीचा, निळसर राखाडी, आणि चोच म्हणजे जाडजूड लाकडी खडाव. टोकाला आकडा. फिकट डोळे पाण्यावर रोखलेले. नावाड्यानं काठी गाळात रोवून होडी थांबवली आणि आम्ही वाट बघत बसलो. तो जराही हलेना. नाशिकचे काका कुजबुजले, "खरा आहे ना हो?"

गाईडनं हळू आवाजात सांगितलं, की तो लंगफिशची वाट बघतोय. या कुजक्या गाळाच्या पाण्यात प्राणवायू फार थोडा. लंगफिशला फुप्फुसं असतात, आणि श्वास घ्यायला त्याला अधूनमधून पृष्ठभागावर यावंच लागतं. शूबिलला हे पक्कं ठाऊक. पाठलाग करायचा नाही, मासा जिथं वर येईल तिथं आधीच उभं राहायचं. बऱ्याच वेळानं पाण्यावर एक लहानसा बुडबुडा फुटला आणि शूबिल पुढं कोसळला. अक्षरशः कोसळला, पंख, मान, चोच, सगळं वजन एकदम पाण्यावर. उठला तेव्हा चोचीतून गवताचा आणि मुळांचा मोठा गोळा लोंबत होता. मग त्यानं डोकं सावकाश डावीकडं-उजवीकडं हलवायला सुरुवात केली. गवत थोडं थोडं गळून पडलं, मासा मात्र सुटला नाही. शेवटी चोचीत नुसता लंगफिश उरला, वळवळणारा, हातभर लांब. तो गिळून, घोटभर पाणी पिऊन शूबिल पुन्हा होता तसा उभा राहिला.

परतताना कळलं, की आमचा नावाडी मूळचा मासेमार. त्याच्या वडिलांच्या काळात शूबिल दिसला की त्या दिवशी जाळं रिकामं, असा पक्का समज होता, आणि म्हणून दिसेल तो शूबिल मारला जायचा. मासेमारांनाही लंगफिशच हवा असतो, तेव्हा हे वैर अगदीच निराधार नव्हतं. आज जगभरात उरलेल्या शूबिलांचा अंदाज 5 ते 8 हजारांचा आहे. मबांबातल्या मासेमारांची मुलं मात्र आता पाहुण्यांना होडीतून शूबिलकडे नेतात. तो कालपासून कुठल्या कोपऱ्यात आहे, हे पहाटे एकमेकांना फोन करून विचारतात. "पूर्वी हा दिसला की अपशकुन, आता नाही दिसला की अपशकुन," नावाडी म्हणाला आणि स्वतःच हसला.

पुढचा मुक्काम किबाले. फोर्ट पोर्टलचे चहाचे मळे मागे पडतात आणि 795 चौरस किलोमीटरचं हे रान सुरू होतं. 1993 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. लोक येतात ते चिंपांझींसाठी. आम्ही आलो होतो हिरव्या छातीच्या पिट्टासाठी, म्हणजे आपल्या नवरंगाच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदासाठी. त्याकरता अंधारातच आत शिरावं लागतं. पुढं बंदूकधारी रेंजर, कारण हत्ती असतात. पँट मोज्यांत खोचलेली, कारण वाटेवरून मुंग्यांचे तांडे जातात आणि त्या चावल्या की सोडत नाहीत. टॉर्चचा प्रकाश फक्त पायापुरता.

उजाडायच्या बेतात गाईडनं हात वर केला आणि आम्ही जागच्या जागी थांबलो. मला नुसती किड्यांची किरकिर ऐकू येत होती. त्याला त्यापलीकडचं काहीतरी ऐकू आलं होतं. तो वाट सोडून झाडीत शिरला, थांबला, पुन्हा दोन पावलं गेला. मग मलाही ऐकू आला एक तुटक, बेडकासारखा आवाज, "प्र्रिप". थोड्या वेळानं पुन्हा. आडव्या फांदीवर एक काळसर गोळा बसला होता. आवाजासरशी तो फांदीवरून सरळ वर उसळला, पंख फडकन उघडले आणि तो पुन्हा त्याच जागी बसला. उजेड वाढला तसे रंग उमटले. हिरवी पाठ, भुवईचा रुंद बदामी पट्टा, पंखांवर निळे चमकते ठिपके आणि पोट लालभडक. उगवतीची थोडी मिनिटं त्याचा हा उड्यांचा खेळ चालतो. मग तो जमिनीवर उतरतो, पाचोळ्यात शिरतो आणि दिवसभर हाती लागत नाही.

काकांना फोटो नीट मिळाला नव्हता. ते म्हणाले, "मोबाइलवर त्याचा आवाज वाजवा ना, येईल परत." गाईडनं नम्रपणे, पण साफ नकार दिला. "त्याला वाटेल, दुसरा नर त्याच्या जागेत घुसलाय. सगळी कामं टाकून तो भांडायला येईल. आज तुमच्यासाठी, उद्या दुसऱ्यांसाठी. मग त्यानं पिल्लं कधी वाढवायची?" काका काही बोलले नाहीत, पण कॅमेरा पिशवीत गेला.

दिवस चढल्यावर रान खूप वेळ मुकं होतं. अर्धा अर्धा तास काही नाही. आणि मग एकाएकी पक्ष्यांची लाट यायची. वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र हिंडतात. एकानं उडवलेले किडे दुसरा टिपतो आणि इतक्या डोळ्यांमुळं ससाण्याचीही लवकर चाहूल लागते. ही लाट डोक्यावरून जाते ती तीस-चाळीस मीटर उंचीवरून, आभाळाच्या उजेडाविरुद्ध. खालून सगळेच काळे ठिपके. आम्ही माना मोडून दुर्बिणी फिरवायचो, आणि गाईड दुर्बीण न लावता नुसता उभा राहून नावं सांगत जायचा. ग्रीनबुल हे आपल्या बुलबुलाच्या कुळातले; सगळे हिरवट-मातकट, सगळे पानाआड. पुस्तकात त्यांची पानंच्या पानं आहेत आणि चित्रांमध्ये फरक शोधावा लागतो. त्याला तो शोधावा लागत नव्हता, कारण त्याच्या लेखी ते दिसायला सारखे असले तरी बोलायला सारखे नव्हते.

दुपारी रस्त्याकडेच्या टपरीवर रोलेक्स खाल्लं. चपातीत कांदा-टोमॅटोचं ऑम्लेट गुंडाळून देतात, त्याचं हे नाव. भारतीयांबरोबर तिकडे गेलेली चपाती आता पूर्ण युगांडाची झाली आहे. खाता खाता मी गाईडला विचारलं, हे सगळे आवाज शिकलास कुठं? तो याच भागातला. घरचं मक्याचं शेत रानाच्या कडेला. बबून येऊन कणसं मोडायचे, म्हणून पोरांना पहाटेपासून राखणीला बसवायचे. "शेतात माकड यायच्या आधी रानातले पक्षी ओरडतात," तो म्हणाला. "कोण साधा ओरडतोय आणि कोण घाबरून, हे कळलं नाही तर मार बसायचा. नावं मला माहीत नव्हती. पुस्तक पहिल्यांदा हातात पडलं तेव्हा मी फक्त नावं पाठ केली."

किबालेला लागूनच बिगोडी गाव आहे. तिथली पाणथळ गावकऱ्यांची संस्था 1992 पासून सांभाळते आणि पाहुण्यांच्या शुल्कातून शाळेसारखी गावाची कामं करते. दलदलीभोवती फळ्यांची पायवाट आहे, गावातलीच मुलं-मुली वाट दाखवतात. इथं मोठा निळा टुराको दिसला, कोंबड्याहून मोठा, फांदीवरून फांदीवर चक्क पळत जाणारा. त्याचा चुलतभाऊ रॉसचा टुराको उडाला तेव्हा पंखांत लालबुंद रंग पेटला. बहुतेक पक्ष्यांचा लाल रंग खाण्यातून येतो. टुराकोच्या या लाल रंगद्रव्यात मात्र तांबं असतं.

किबालेहून दक्षिणेला गाडी निघाली, विषुववृत्त ओलांडलं आणि सगळं मोकळं झालं. क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यान 1952 साली काझिंगा या नावानं सुरू झालं. 1954 मध्ये राणी येऊन गेल्यावर आताचं नाव मिळालं. कसेन्यीच्या पठारावर कंबरभर गवत, मध्येच निवडुंगासारख्या दिसणाऱ्या युफोर्बियाचे वृक्ष आणि कोब हरणांचे कळप. इथं आमचेही डोळे चालायला लागले. टिटवी, चंडोल, तित्तिर, जाती वेगळ्या पण चालणं-बसणं ओळखीचं. कवड्या खंड्या तर जातीनंही आपलाच. काझिंगा कालव्याच्या काठाला त्याच्या बिळांची वस्ती होती आणि होडी जवळ गेली तरी तो हवेत एका जागी फडफडत मासे हेरत होता. झोळीवाल्यांचे थवे, म्हशींच्या पाठीवरचे ऑक्सपेकर, झेंड्यावर झळकणारा तुरेवाला क्रौंच जोडीनं गवतात.

एका युफोर्बियाकडे बोट दाखवून गाईड म्हणाला, "या झाडावर काळा-पांढरा, शेंडीवाला कोकीळ बसतो. आता नाही. आता तो तुमच्याकडे असेल." तो चातकाबद्दल बोलत होता. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येणारे चातक अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेतून येतात असं मानलं जातं. आम्ही पाऊस सोडून इकडे आलो होतो आणि इथला पक्षी पाऊस गाठायला तिकडे गेला होता.

संध्याकाळी काळ्या पोटाचा बस्टर्ड बघितला, आपल्या माळढोकाच्या कुळातला. नर गवताच्या उंचवट्यावर उभा. मान ताठ करून एक घोगरा आवाज काढला, मान खाली ओढली, क्षणभर थांबला आणि बाटलीचं बूच उडावं तसा "पॉप" केला. पुन्हा मान वर. अर्धा तास हे चाललं. मला सोलापूरजवळचं नान्नज आठवत होतं. माळढोकासाठी 1979 साली जाहीर झालेलं ते अभयारण्य. त्याच्या हद्दीत लोकांच्या शेतजमिनीही आल्या, जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि माळढोक म्हणजे डोक्याला ताप, ही भावना गावोगाव रुजली. आज तिथं माळढोक दिसणं म्हणजे नशीब. माळढोकाच्या ऱ्हासाला इतरही कारणं आहेत, विजेच्या तारा आहेत, कमी होत गेलेलं गवत आहे. पण त्या पक्ष्यापायी ज्यांचं नुकसान झालं, त्यांना त्याच्यामुळं चार पैसे मिळायची वाट कुणी काढली नाही, हेही खरं.

मबांबाचा नावाडी, बिगोडीची मुलं आणि मक्याची राखण करणारा आमचा गाईड, तिघांनाही निसर्गप्रेम कुणी शिकवलेलं नव्हतं. ज्ञान त्यांच्याकडे आधीपासून होतं; त्याला मोल मिळालं, एवढाच बदल झाला. आपल्याकडे भिगवणला उजनीच्या पाण्यावर मासेमार रोहित दाखवायला होडी काढतात, हे त्याच वाटेवरचं. माळांवर मात्र हे व्हायला फार उशीर झाला. आता पुणे वनविभागानं इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली आहे आणि तिथं वाट दाखवायला स्थानिक तरुण असतात. धाविक कुठं अंडी घालतो, लांडगा कुठल्या ओढ्यानं उतरतो, हे त्या भागातल्या मेंढपाळांइतकं कुणाला ठाऊक असणार? युगांडाला जाणं प्रत्येकाला परवडेल असं नाही. कडबनवाडीला जाणं परवडतं. गेलात तर गाईडचे पैसे वाचवायला जाऊ नका, आणि तो थांबा म्हणाला की थांबा.