जॉली बॉयचे उथळ पाणी

अंदमानातल्या जॉली बॉय बेटावर मुक्कामाची सोय नाही, आणि ती नाही हेच बरे आहे. सकाळी वंडूरच्या धक्क्यावरून बोट निघते आणि त्याच दिवशी माणसांना परत आणून सोडते. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, तिथून वंडूर सुमारे ३० किलोमीटर. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाचे हे दार. १९८३ साली घोषित झालेल्या या उद्यानाचा विस्तार सुमारे २८१ चौरस किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग पाण्याचाच. बेटावर जायला वनखात्याचा परवाना लागतो. धक्क्यावर पिशव्या तपासून प्लास्टिक काढून ठेवले जाते, पाण्याची बाटली न्यायची तर अनामत भरावी लागते. रांगेत ताटकळणाऱ्याला हा जाच वाटतो. पण उथळ पाण्यात अडकलेली एक पिशवी तिच्याखालच्या प्रवाळाचा उजेड तोडते, आणि इथे उजेड हेच अन्न आहे.

बोट आधी कांदळवनांच्या कडेकडेने जाते. या चिखलात खाऱ्या पाण्यातल्या मगरी राहतात. वंडूरच्या किनाऱ्यावर त्यांच्याबद्दल इशारे लावलेले आहेत. जमिनीवरून वाहून येणारा गाळ कांदळांची मुळे अडवून धरतात, म्हणून पुढचे पाणी नितळ राहते. कोकणात नेमके हेच जमत नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, मराठी माणसाचे पहिले स्नॉर्कलिंग बहुधा तिथेच होते. पण सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या पावसाळाभर गाळ आणि गोडे पाणी ओतत राहतात, आणि ते सोसू शकणाऱ्या जातीच तिथे तग धरतात. मोठी प्रवाळभूमी पाहायची तर किनारा मागे टाकून खोल समुद्रातल्या आंग्रिया बँकेपर्यंत जावे लागते. अंदमानात ती बेटाच्या पुळणीला लागूनच सुरू होते.

माणसाचा डोळा हवेत पाहण्यासाठी घडलेला. पाण्यात नुसता उघडला तर सगळे पुसट. मास्कच्या काचेमागे हवेची पोकळी असते, म्हणून चित्र स्पष्ट होते. मात्र पाण्यातून हवेत येताना किरण वाकतात, त्यामुळे प्रत्येक वस्तू आहे त्यापेक्षा मोठी आणि जवळ भासते. हात पुढे करावा तर मासा अजून लांबच असतो. तोंडातली नळी जेमतेम हातभर लांबीची. ती वाढवून खोल जाता येत नाही: पाण्याच्या दाबाने छाती फुलत नाही, आणि सोडलेली शिळी हवाच नळीतून परत आत येते. तेव्हा पाण्यावर पालथे पडून खाली पाहायचे, एवढेच या साधनाचे काम. नवखा माणूस पहिली काही मिनिटे धापा टाकतो. श्वास लांबला की मगच तळ दिसू लागतो.

दिसण्याआधी तो ऐकू येतो. गरम तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज चहूकडून येत असतो. दगडांच्या फटींत लपलेल्या बोटभर कोळंब्या नांगी झटकून तो काढतात. मग रंग उलगडतात. पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकते, म्हणून खोल जाणाऱ्या पाणबुड्याला विजेरी नसली तर सारे निळसर दिसते. पालथ्या पडलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र जांभळे, पिवळे, तांबूस असे सगळे रंग येतात. उथळपणाचे हे दान फार मोठे आहे.

खडक वाटतो तो वास्तविक चुन्यावर पसरलेला जिवंत कातडीचा पातळ थर असतो. त्यात हजारो पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे इवले जीव, शेजारी शेजारी बसलेले. त्यांच्या पेशींत झूझॅन्थेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल उन्हात साखर बनवते आणि तिचा बहुतेक वाटा यजमानाला देते. त्या बळावर पॉलिप समुद्राच्या पाण्यातून चुना काढून घर रचत जातो. फांद्यांचे अॅक्रोपोरा वर्षाला काही सेंटिमीटर वाढते, पोरायटिसचे गोल ढेकूळ जेमतेम एक. माणसाच्या उंचीचे ढेकूळ म्हणजे शंभराहून अधिक वर्षांचे काम. अंगठीतले लाल पोवळे या कुळातले नव्हे. ते भूमध्य समुद्रातल्या शैवालरहित, सावलीत वाढणाऱ्या जातीचे.

एका ढेकळाच्या खोबणीत महाशिंपला रुतून बसलेला असतो. दोन शिंपांमधून त्याची निळी-हिरवी मखमली कड बाहेर आलेली, तिच्यातही तेच शैवाल. कडेवर ओळीने बारीक डोळे आहेत. तरंगणाऱ्याची सावली पडली की ती कड आकसते आणि शिंपा मिटू लागतो; सावली सरकली की थोड्या वेळाने पुन्हा उघडतो. शेजारी पोपटमासा चोचीने मेलेला प्रवाळ खरवडत असतो, तो आवाजही स्पष्ट येतो. त्यावरचे शैवाल तो पचवतो आणि चुन्याची भुकटी मागे सोडतो. बेटाच्या पांढऱ्या पुळणीत या भुकटीचा वाटा मोठा.

दिवसा बरेच पॉलिप आपले स्पर्शक आत ओढून असतात. रात्री ते पसरून प्लवक पकडतात. एका दिवसाच्या पाहुण्याला अर्धेच बिऱ्हाड दिसते. तेवढे दिसण्याची अट एकच: पाय टेकायचा नाही. दमलेला माणूस उभा राहायला आधार शोधतो, आणि त्या एका पावलाखाली कित्येक वर्षांची फांदी मोडते. म्हणून वाटाडे नवशिक्याला रिंग धरायला लावून ओढत नेतात. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही उचलायचा नाही; वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळाला संरक्षण आहे.

पाऊल आवरता येते, पाण्याची ऊब आवरत नाही. उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा समुद्र एखादा अंशही जास्त तापून काही आठवडे तसाच राहिला, की पॉलिप आपले शैवाल बाहेर टाकतात आणि पारदर्शक कातडीतून पांढरा चुना दिसू लागतो. २०१०च्या एप्रिल-मे महिन्यांत अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झाले. विरंजित प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर शैवाल परत येते. लांबले तर सांगाड्यावर दुसरे शैवाल चढते आणि फांद्या ढासळतात. २६ डिसेंबर २००४च्या भूकंपाने आघात केला तो वेगळ्या वाटेने: उत्तर अंदमानात काही किनारे वर उचलले गेले आणि तिथला प्रवाळ उघड्यावर पडून वाळला, तर दक्षिण अंदमान खचून सिप्पीघाटची शेते खाऱ्या पाण्याखाली गेली.

दुपारी बोट वंडूरला परतते. बाटल्या दाखवल्या की अनामत परत मिळते. साधारण नोव्हेंबर ते मे जॉली बॉय उघडे असते. पावसाळ्यात ते बंद ठेवून बोटी रेड स्किन बेटाकडे वळवल्या जातात, आणि ते महिने इथल्या प्रवाळाकडे माणूस फिरकत नाही.