आपली लेन, सगळ्यांचा राजा

टॉवर डिफेन्स म्हटलं की वाटेच्या कडेला बुरूज बांधत एकट्याने खेळायचा खेळ आठवतो. आमच्या घरी चालतो तो ‘लीजन टीडी 2’ मात्र टीमचा आहे: दोन विरुद्ध दोन, नाहीतर चार विरुद्ध चार. मुलगी म्हैसूरहून आणि तिचा दादा पुण्याच्या हॉस्टेलवरून, एकाच बाजूने खेळतात. मी बघ्या.

प्रत्येकाची लेन वेगळी. तिथे लढवय्ये उभे करून राक्षसांच्या लाटा थोपवायच्या. निसटलेले राक्षस राजावर चालून जातात, आणि राजा अख्ख्या टीमचा एकच असतो. तो पडला की सगळे हरले. शिवाय कामगार ठेवून ‘मिथियम’ मिळवायचं आणि त्यातून भाडोत्री सैनिक समोरच्याच्या लेनमध्ये सोडायचे. तसं केलं की आपलं उत्पन्नही वाढतं.

नवखा खेळाडू बहुधा टोक गाठतो. एक तर सगळं सोनं कामगारांवर घालतो आणि तिसऱ्या-चौथ्या लाटेतच गळायला लागतो, नाहीतर भिंत इतकी जाड करतो की पुढे पैसाच उरत नाही. पुढची लाट कोणती हे आधी दिसतं. ती पाहून जेमतेम पुरेल एवढंच बांधावं आणि उरलेलं कामगारांवर घालावं. दणकट गडी पुढे, लांबून मारणारे मागे. एवढं तर आठवड्याभरात जमतं.

जमत नाही ते सांगणं. स्वतःची लेन सांभाळली की आपलं काम झालं, असं वाटतं.

मला इथे श्रीरंगपट्टण आठवतं. किल्ला आमच्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. मे 1791 मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपू सुलतानाच्या या राजधानीजवळ पोचला होता. त्याचे दोस्त हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मराठी फौजा घेऊन येतच होते. पण टिपूच्या घोडेस्वारांनी निरोप्यांच्या वाटा रोखल्या होत्या, त्यामुळे इंग्रजांना काही कळलं नाही. धान्य संपलं, बैल मेले, पाऊस सुरू झाला. कॉर्नवॉलिसने आपल्याच जड तोफा निकामी केल्या आणि तो माघारी फिरला. वाटेत घोडदळ दिसलं ते आधी शत्रूचं वाटलं, निघालं मराठ्यांचं! त्यांच्याकडे धान्य होतं, पण तोफा तर गेल्या होत्या. पुढे फेब्रुवारी 1792 मध्ये कॉर्नवॉलिस, हरिपंत आणि निजामाची फौज एकत्र चालून आली, आणि मार्चमध्ये टिपूला निम्मं राज्य देऊन तह करावा लागला. त्या पहिल्या वर्षी टिपूने अडवलेला निरोप मला कुठल्याही बुरुजाइतकाच मोलाचा वाटतो.

खेळातही तेच. “पुढच्या लाटेला माझी लेन गळणार” हे गळण्याआधी सांगितलं, तर जोडीदार मिथियम खर्चून राजाला बळ देऊ शकतो. गळल्यावर सांगून काय उपयोग? सैनिक सोडायचे तेही ठरवून. दोघांनी साठवून एकाच लाटेला सोडले तर समोरच्या दोन्ही लेन एकदम गळतात आणि त्यांच्या राजाला दुहेरी मार बसतो. लहर आली म्हणून सोडले तर दोघांचेही वाया जातात.

मुलगी हे पटकन शिकली. दादाला वेळ लागला; “काही नाही, सांभाळतो” हे त्याचं ठरलेलं उत्तर. गेल्या महिन्यात मात्र दोन लाटांच्या मधल्या फुरसतीत तो म्हणाला, “गणिताचा पेपर गेला गं. घरी इतक्यात बोलू नकोस.” ती आमच्याशी बोलली नाही. त्यालाच म्हणाली, “गळायच्या आधी सांग ना.” रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. त्याच्या आईने आधी जेवलास का विचारलं, मग फेरपरीक्षेची तारीख विचारून घेतली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनाने गोल केला.