आजीबाई लँड रोव्हरमधून संदकफू

लँड रोव्हर म्हटलं की आज ऐटबाज, महागडी गाडी डोळ्यांसमोर येते. तिची आजी पाहायची असेल तर दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांगला जा. 1950च्या दशकातल्या लँड रोव्हर इथून आजही प्रवाशांना 3,636 मीटर उंचीवरच्या संदकफूला नेतात.

अंतर 31 किलोमीटरच, पण तीन-चार तास लागतात. खाली जुने पाटे असल्याने प्रत्येक दगड तुमच्या कमरेला कळतो, म्हणून निघण्यापूर्वी पोटभर जेवू नका. मूळ सुटे भाग सहज मिळत नाहीत. कित्येक गाड्यांत दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलेलं आहे. तरीही अ‍ॅल्युमिनियमची बॉडी गंजत नाही आणि अवघड वळणावर गाडी धीर सोडत नाही.

आता बोलेरोही धावतात. त्या जास्त आरामदायी आहेत, निवड तुमची. मात्र या म्हाताऱ्या गाड्या प्रवाशांच्या भाड्यावरच जगतात. भाडं थांबलं की पुढचा मुक्काम भंगारात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा, लोकरी कपडे आणि ओळखपत्र सोबत ठेवा. पहाटे कांचनजंगा सोनेरी होताना पाहाल, तेव्हा दुखरी कंबर नक्कीच विसराल.